दुसऱ्याने भरलेलं काडतूस

नाव व्हर्लिन टोस्ट्रुड, वय एकसष्ट, धंदा घोड्यांना नाल ठोकणे, राहणार सॉल्टर फोर्क, मोंटाना.

मी शेरीफ कचेरीत आपण होऊन आलो आहे. माझा जावई ट्रेंट रस्क याने काल इथे सांगितले की सासऱ्याने दिलेले रिव्हॉल्वर जुनाट होते, म्हणून ते जनेलच्या हातात फुटले. हे धादांत खोटे आहे. ते रिव्हॉल्वर मी मागच्या हिवाळ्यात कारागिराकडून तपासून घेतले आणि मगच मुलीला दिले.

जनेल माझी एकुलती एक मुलगी. माझ्याबरोबर नाल ठोकते. माझ्यामागे हा धंदा तिचाच. वाढदिवसाला तिला झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घरी पुन्हा भरायचे सामान हवे होते, म्हणून आम्ही तिघे दुकानात गेलो. मी तिला नवशिक्याचे सामान दाखवले. एका वेळी एकच काडतूस भरणारे साधे दाबयंत्र, बंदुकीची दारू तोलायचा तराजू आणि मापांचे पुस्तक. पुंगळ्या उभ्या करायची खाचांची फळी मी घरीच ओकच्या लाकडाची करून ठेवली होती. दारू भरली की फळीवर बॅटरी मारून प्रत्येक पुंगळीत डोकावायचे, मग गोळी बसवायची. आमच्याकडे सगळे असेच शिकतात.

ट्रेंटला ते पटले नाही. त्याने दांड्याच्या एका ओढीत पाच कामे करणारे मोठे यंत्र उचलले. मी म्हणालो, "तिला शिकायचंय, कारखाना नाही काढायचा." तो दुकानदारासमोर म्हणाला, "म्हातारबा, हाताने ताक घुसळायचे दिवस गेले आता." दुकानदार हसला. जनेल गप्प बसली. लग्न झाल्यापासून ती गप्पच बसते, हेही लिहून घ्यावे.

वाढदिवस तिचा, पण तिला त्या यंत्राला हात लावू दिला नाही. दांडा तोच ओढायचा. माझ्या फळीवर बिअरचे डबे ठेवायचा. एका रविवारी जेवताना त्याने हसत सांगितले की मध्येच फोन आला, दांडा कुठवर आला होता ते विसरलो, पुन्हा ओढला झालं. मी म्हटले, तो सगळा ढीग फेकून दे. त्याने खिमा-राजम्याच्या चिलीचा वाडगा पुढे सरकवला आणि विषय बदलला. अशाने एका पुंगळीत दारू दोनदा पडते, बाहेरून काही दिसत नाही, आणि बार काढताच हत्यार फुटते.

शनिवारी आम्ही क्लबच्या नेमबाजीला गेलो. दुसऱ्याने भरलेले काडतूस आपल्या हत्यारात घालायचे नाही, हे इथे पोरांना बुटाची नाडी बांधायला शिकवण्याआधी शिकवतात. सख्ख्या भावाचेही घालत नाहीत आणि त्याचा कोणी राग धरत नाही. जनेलने माझ्या देखत ट्रेंटने भरलेल्या काडतुसांचा डबा बाजूला सारला. तेव्हा तो चारचौघांत म्हणाला, "बापावर भरवसा आहे, नवऱ्यावर नाही. हो ना?"

ती म्हणाली, "तसं नाही रे," आणि तिने त्याची काडतुसे रिव्हॉल्वरमध्ये घातली.

मी पुढे झालो होतो. तिने मानेनेच मला नको म्हटले. तिसऱ्या बाराला रिव्हॉल्वर फुटले. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याजवळचे बोट गेले. हातोडा धरायचा हात तोच. डॉक्टर म्हणतात, डोळा वाचला हे नशीब. आग लागो असल्या नशिबाला.

रुग्णवाहिका गेल्यावर सामान मी आवरले. ट्रेंटचे स्वतःचे रिव्हॉल्वरही त्याच मापाचे आहे. त्याची पेटी मी न उघडता सोबत आणली आहे, हा जबाब लिहून घेणाऱ्या डेप्युटी मॅडमनी ती माझ्यासमोर उघडली. आत दुकानातून आणलेल्या काडतुसांचे खोके निघाले, निम्मे संपलेले. घरी भरलेले एकही काडतूस त्यात नाही. त्या दिवशी तो दुकानातलीच काडतुसे झाडत होता. आपल्या हातचे त्याने फक्त बायकोला दिले.

हे सगळे मला मोठ्याने वाचून दाखवले, मी बोललो तसेच उतरले आहे. फक्त वरच्या ओळीत मॅडमनी 'अपघाताबाबत' असे लिहिले होते. तो शब्द माझा नाही. तो खोडला, तेव्हाच मी सही केली.