मोकळं ठरवलेलं नाव

नाव : व्हर्ना लुईस टेट. वय : ५९ वर्षे. धंदा : मासळी कारखान्यात पाळीप्रमुख. राहणार : कॅनरी रोड, हेमलॉक इनलेट, ब्रिटिश कोलंबिया.

मी ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझी भाची कार्ली, वय १९, अशा दोघी राहतो. कार्लीची आई, म्हणजे माझी बहीण, हयात नाही. आमच्या आदिवासी जमातीत नाव आईच्या घराण्याकडून येते. माझ्या आईचे नाव कार्लीला मिळायचे आहे. आई दोन वर्षांपूर्वी वारली, तेव्हापासून घराण्याने ते ठेवून दिले आहे. येत्या ऑक्टोबरात जेवण घालून, इतर घराण्यांच्या पाहुण्यांसमक्ष ते कार्लीला द्यायचे ठरले आहे. तोपर्यंत कोणी ते आपले म्हणून सांगायचे नसते.

मार्च महिन्यात टीव्ही मालिका काढणारी एक कंपनी गावात आली. त्यांना म्हणे खरे चेहरे हवे होते. शाळेच्या सभागृहात चाचणी झाली. प्रत्येकाने आधी कॅमेऱ्याकडे बघून नाव सांगायचे, अशी त्यांची रीत आहे. कार्लीने कागदोपत्री नाव सांगितले आणि वर म्हणाली, "ऑक्टोबरपासून माझं नाव हे असेल," आणि आईचे ते नाव घेतले. पोर हुरळून गेली होती. चूक तिची आहे, मी झाकत नाही. पण हे नाव कोणाचे, हे विचारावे असे त्या खोलीत एकाही शहाण्याला वाटले नाही.

कार्लीला भूमिका मिळाली आणि भूमिकेला ते नाव मिळाले. मालिकेतली ही मुलगी पहिल्याच भागात दारू पिऊन नदीत बुडालेली सापडते. पुढचे सात भाग ती मेलेलीच असते. कार्लीने हे माझ्यापासून लपवले. दिनांक १२ सप्टेंबर रोजी तिच्या पिशवीत मालिकेची संहिता सापडली तेव्हा मला कळले.

दिनांक १३ रोजी सकाळी दहा वाजता मी निर्माते ब्रेंट हॅलोरन यांना गाठले. ते म्हणाले, "बाई, आम्ही रीतसर तपासलंय. प्रत्येक पात्राचं नाव वकिलाकडून पास होतं. या नावाचं कुणी जिवंत माणूसच नाही. नाव मोकळं आहे."

"मोकळं नाही, ठेवलेलं आहे. तुमची आई गेली आणि घराला कुलूप लागलं, म्हणून मी आत जाऊन राहिले तर चालेल का?"

"अहो, नाव आहे ते. घर नाही."

"तुमच्यात नसेल. बदला ते."

"अर्धं शूटिंग झालंय. आणि लेखकाचा त्या नावावर भारी जीव आहे. प्रत्येक भागाच्या शेवटी तुमच्या समाजाचे आभार मानू ना, मोठ्या अक्षरांत."

"आभार घाला चुलीत," असे मी म्हणाले. हे शब्द माझेच आहेत.

दिनांक १४ रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास मी दफनभूमीकडे गेले. तिथे त्यांनी शूटिंगसाठी खोटी कबर केली होती. पांढरा क्रूस, त्यावर ते नाव. माझ्या आईची कबर तिथून पन्नास पावलांवर आहे. मासे धुरावर सुकवायला लागणारी लाकडे फोडण्याची कुऱ्हाड माझ्या गाडीत होती. मी क्रूस फोडला. पाच-सहा घाव घातले. मी लोकांच्या अंगावर धावून गेले असे फिर्यादीत आहे, ते धादांत खोटे आहे. माझे गुडघे पाहावेत.

तेवढ्यात कार्ली आली. तोंडाला मढ्याचा राखाडी रंग फासलेला, ओठ निळे रंगवलेले. "मावशी, बास कर!" ती ओरडली.

"तुझ्यासाठीच करतेय, बये."

"माझ्यासाठी? दीड महिना सगळे मला त्याच नावानं हाक मारतायत. हिला भिजवा, हिला चिखलात झोपवा, हिच्यावर चादर टाका. आता ते नाव ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो. मला नकोय ते. दुसऱ्या कुणाला दे."

दुसरे कोणी नाही. बहिणीला ही एकच मुलगी. मला मूल नाही.

त्यानंतर मी कुऱ्हाड खाली ठेवली. पोलिसांनी सांगितल्यावरून ठेवली असे पंचनाम्यात आहे, ते दुरुस्त करावे. पोलीस तेव्हा पोचलेच नव्हते.

जबाब मला माझ्या भाषेत वाचून दाखवला. मी यापेक्षा बरेच बोलले, परंतु जेवढे लिहिले आहे तेवढे माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.