सासूबाईंच्या खिडकीची काच

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले काचेच्या दुकानाचे मालक, आजचे सत्कारमूर्ती आपले काचवाले काका, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या काकू, आणि समोर जमलेल्या माझ्या शेजारणींनो व बंधूंनो, देवाचं स्मरण करून आपणा सर्वांना नमस्कार करते.

काका चाळीस वर्षांनी काम थांबवताहेत. आपल्या इमारतीत त्यांचा हात लागला नाही अशी खिडकी सापडेल का? सगळ्यांचं सांगत बसले तर जेवणं थंड होतील. मी एकाच खिडकीचं सांगते.

माझ्या सासूबाईंचे गुडघे गेले तेव्हापासून त्यांची खुर्ची पश्चिमेच्या खिडकीशी असते. तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तिथे बसल्या बसल्या त्यांना घेरी आली. डॉक्टर म्हणाले, "खोली भट्टीसारखी आहे. पुन्हा घेरी आली तर यांना मागच्या खोलीत हलवायचं." मागच्या खोलीला खिडकी आहे, पण समोर हातभरावर शेजारची भिंत. सासूबाईंनी साफ सांगितलं, "सूनबाई, मला भिंत बघायला बसवू नकोस. चालणं गेलं, आता रस्ता तरी राहू दे." म्हाताऱ्या माणसाचं एवढं मागणं. नाही कसं म्हणायचं?

मी काकांना बोलावलं. आमच्या यांचं मत, काळी फिल्म चिकटवावी, काम संपलं. काका म्हणाले, "साहेब, काळी काच स्वतः तापते आणि खोलीला शेकते. शिवाय मावशींना भर दुपारी संध्याकाळ दिसेल."

"मग एकच जाड काच बसवा," मी म्हटलं.

"ताई, जाड काच म्हणजे जाड तवा. उशिरा तापेल, पण तापेल."

त्यांनी सुचवली ती दुहेरी काच. दोन काचांमध्ये हवाबंद पोकळी, आणि एका काचेच्या आतल्या अंगाला पातळ थर. तो उजेड आत सोडतो, पण उन्हाचा ताप बराचसा बाहेरच परतवतो. मी नमुन्याची काच हातात धरून उलटसुलट पाहिली. मला काही दिसेना.

"काका, जो थर दिसतच नाही, तो आहे असं मी कसं मानू?"

"आता बोला! न दिसणाऱ्याला रोज सकाळी हात कोण जोडतं?"

"देवाकडे मी पावती मागत नाही. तुमच्याकडे मागणार."

काका हसले. देवापाशी ठेवलेली काडेपेटी मागून घेतली आणि काचेसमोर काडी पेटवली. काचेत एकामागे एक चार ज्योती दिसल्या, दोन काचांच्या चार अंगांची एकेक. तीन सारख्या, एकीचा रंग निराळा. "निराळी ज्योत जिथे, तिथे थर. ऊन अडवायचं तर तो बाहेरून दुसऱ्या अंगाला हवा. तुम्ही घरातून बघाल, म्हणजे तुमच्याकडून तिसरी ज्योत."

मला ते इतकं पटलं की मी पाचही खिडक्यांना तीच काच सांगून बसले. काका म्हणाले, "बाकीच्या चार सावलीत आहेत. त्यांच्या फटी बुजवा, रबर बदला, पुरे." मालक, रागावू नका, पण तुमच्या चार काचा त्या दिवशी काकांनीच बुडवल्या.

काच बसली. सासूबाई खूश. काका हत्यारं आवरत होते, आणि मी आपली काडी पेटवली. पहिली, दुसरी... निराळी ज्योत दुसरीच! तीनदा पाहिलं. काच उलटी बसली होती.

आमचे हे कानाशी आले. "गप्प बस. एवढा अनुभवी माणूस, त्याला तू शिकवणार?"

मीही क्षणभर घुटमळले, खोटं का सांगू? पण पुन्हा घेरी आली तर भिंतीसमोर बसायचं होतं ते सासूबाईंना. मी काडेपेटी काकांच्या हातात दिली.

त्यांनी काडी पेटवली. विझली. दुसरी पेटवली. मग स्टुलावर बसून म्हणाले, "कारखान्याची चिठ्ठी उलट्या बाजूला चिकटली होती. मी चिठ्ठी वाचली, काच नाही वाचली. तुम्हाला शिकवलं आणि स्वतः केलं नाही."

सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "अरे, तोंड पाडून काय बसलास? मी अजून जिवंत आहे. फिरव ती काच!"

सगळ्या पट्ट्या काढून त्यांनी काच फिरवली. दोन तास लागले. चहासुद्धा काम संपल्यावर घेतला. शेवटची काडी त्यांनी सासूबाईंना पेटवायला लावली. तिसरी ज्योत निराळी!

मी रोज दुपारी तीनला खुर्चीपाशी तापमान बघून वहीत मांडत होते. छत्तीसचं बत्तीस झालं. पंखा पाचावरून तीनवर आला. घेरी पुन्हा आली नाही, खुर्ची हलली नाही. चूक कुणाच्या हातून होत नाही? पण आपली चूक दाखवायला आलेल्याच्या हातून काडी घेऊन ती स्वतः बघणारा कारागीर मी एकच पाहिला.

सासूबाईंना जिना उतरवत नाही, म्हणून त्या आज आल्या नाहीत. काका, रोज सकाळी आठला तुमची हातगाडी खालून जाते, ती त्या बघत असतात. मी निघताना त्यांनी निरोप दिलाय. "त्याला म्हणावं, काम सोड, पण रस्ता सोडू नकोस. गाडी नसली तरी चालेल, आठ वाजता दिसत जा. नाहीतर मला वाटेल, काच खराब झाली."

निरोप जसाच्या तसा पोचवला. काका-काकूंना देव उदंड आयुष्य देवो. मला बोलू दिलंत, शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल सर्वांची ऋणी आहे. वडीलधाऱ्यांसमोर एखादा शब्द कमीजास्त गेला असेल तर घरातल्याच बाईचा म्हणून पोटात घाला. नमस्कार.