घरातलं माणूस

कासारवाडीच्या फलाटावर ज्ञानेशच्या शेजारी मायलेकी येऊन बसल्या. त्याने पुस्तक उघडले, पण पान काही उलटले नाही.

“समुपदेशनाचं एम.ए. इथं घरबसल्या होतंय, तर तेच घे की. नाशिक कशाला गं, योगिनी?”

“आई, त्यात प्रात्यक्षिक नाही. समोर माणूस बसवून शिकावं लागतं.”

“मग बसव की पप्पांना! कंपनीनं घरी बसवल्यापासून तोंडातून शब्द नाही त्यांच्या.”

“घरातलं माणूस चालत नाही. नियमच आहे तसा.”

“शिकून झाल्यावर तरी?”

“तरीही नाही.”

गाडी आली. दोघींपैकी कुणीच उठले नाही.

“मी तर त्यांच्यासाठीच तुला जवळ ठेवत होते.”

“ठाऊक आहे.”

“जा मग नाशिकला. आणि तिथं परक्याची एखादी लेक हेच शिकत असेल, तर तिला आपल्या घरी पाठव.”