‘करून राहिलो’ या शब्दांबाबत

मी, हर्षा गौरांग देवस्थळी, माहेरची हर्षा मार्तंड भोयर, वय ३२ वर्षे, धंदा खाजगी नोकरी, राहणार सदर, नागपूर. बोलावल्यावरून आज ठाण्यात स्वतः हजर होऊन सांगते की,

माझा जन्म नागपूरचा. माझे पती गौरांग पुण्याचे. आम्ही दोघेही इंजिनिअर असून कन्हानजवळ एका खाजगी कंपनीच्या चाचणी शेडमध्ये कामाला आहोत. खाणीतला कोळसा डिझेलशिवाय वाहून नेणारी ट्रॉली तिथे तयार होत आहे. पंख्याची मोटर उलगडून जमिनीवर सरळ अंथरावी, तशी रुळांच्या मध्ये तांब्याच्या तारेची वेटोळी बसवली आहेत आणि ट्रॉलीच्या पोटाला मोठे चुंबक आहेत. वेटोळ्यांत एकामागून एक वीज सोडली की ट्रॉली पुढे ढकलली जाते. बघायला येणारे साहेब लोक दर वेळी टाळ्या वाजवतात.

ही वीज एकदम लागते, म्हणून ती आधी कपॅसिटरमध्ये साठवतात. त्या कपाटाला आम्ही बँक म्हणतो. मेन स्विच बंद केला तरी बँक भरलेलीच असते. ती वेगळी रिकामी करावी लागते आणि त्याला काही मिनिटे जातात. तोवर रुळावर कोणी उतरायचे नाही, असा नियम आहे. बँक चंद्रभान लांजेवार सांभाळतात. ते कन्हानचेच. त्यांच्याकडे एक वॉकीटॉकी असतो, रुळाच्या टोकाशी माझ्या पतींकडे एक आणि कंट्रोल रूमच्या काचेआड माझ्याकडे एक.

गेल्या मंगळवारी दुपारी चाचणी संपली तेव्हा ट्रॉली टोकाच्या लोखंडी अडसरापासून हातभर अलीकडे थांबली होती. पतींनी विचारले, “बँक रिकामी झाली का?” चंद्रभान म्हणाले, “रिकामी करून राहिलो साहेब.” पती “ओके” म्हणाले आणि ट्रॉली व अडसर यांच्या मधल्या जागेत उतरले. बँकेत उरलेली वीज एका वेटोळ्यात गेली. कशी गेली ते तपासणारे सांगतील, मला माहीत नाही. ट्रॉली पुढे उसळली आणि पतींचा उजवा पाय मध्ये सापडला.

वीज बंद करता येते. चुंबक बंद करता येत नाही. ट्रॉली अडसराला चिकटली ती चिकटलीच. एकाने घाईघाईत लोखंडी पहार आणली, ती त्याच्या हातातून ट्रॉलीनेच ओढून घेतली. शेवटी पॅकिंगच्या लाकडी फळ्या ठोकून ठोकून फट पाडली. तेवढा सगळा वेळ पती शुद्धीवर होते. मी धावत जवळ गेले होते, ते माझ्याकडे बघत होते. चंद्रभान त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसले होते आणि सारखे म्हणत होते, “काहून उतरले साहेब? करून राहिलो म्हटलं होतं ना मी.” नंतर दवाखान्यात पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

‘करून राहिलो’ म्हणजे काय, असे मला विचारण्यात आले. जबाब लिहून घेणारे हवालदारसाहेब इथलेच आहेत, त्यांना ठाऊक आहे, तरी लिहून घ्यावे. आमच्याकडे याचा अर्थ काम सुरू आहे, संपलेले नाही. पुण्याच्या माणसाला तेच ‘करून थांबलो आहे’ असे ऐकू येते. लग्नानंतर मी स्वयंपाकघरातून “चहा करून राहिली” म्हटले की पती म्हणायचे, “करून राहिलीस ना? मग आण की.” ही आमच्या घरची नेहमीची थट्टा होती. म्हणजे अर्थ त्यांना कळत होता. पण घरात बसून कळणे वेगळे आणि घामाघूम असताना, कानाशी खरखर चालू असताना कळणे वेगळे. मी शब्द बरोबर ऐकले, म्हणूनच पती थांबतील असे धरून चालले, मला कसली शंका आली नाही. मला याचा फार राग येतो. कोणाचा येतो ते सांगता येत नाही.

शुद्धीवर आल्यावर पतींनी मला पहिली गोष्ट विचारली ती अशी, “चंद्रभान ‘झाली’ म्हणाला ना गं? तू ऐकलंस ना?” ते खोटे बोलत नाहीत. त्यांनी तेच ऐकले आहे. मी म्हटले, “आता झोप.”

माझे सासरे कृष्णकांत देवस्थळी पुण्याहून आले आहेत. काल ते म्हणाले, “खोटं बोल असं मी म्हणत नाही. तुला नीट ऐकू आलं नाही, एवढंच सांग. त्याचा पाय गेलाय. आता चूकही त्याचीच ठरवणार का तू?” आज ठाण्याच्या फाटकाशी चंद्रभान यांच्या पत्नी मीराबाई भेटल्या. त्या म्हणाल्या, “ह्यायले अटक होईन म्हणते वं ताई. तुमी जे ऐकलं तेच सांगजा, दुसरं काई नोका सांगू.” सासरे आणि मीराबाई सध्या बाहेर एकाच बाकावर बसले आहेत. या खोलीला दार एकच आहे.

चंद्रभान यांनी बँक रिकामी झाली असे म्हटलेले नाही. ते जे म्हणाले ते त्या वेळी खरे होते.

येथवर लिहिलेले मला वाचून दाखवले. त्यात चंद्रभान यांचे बोलणे शुद्ध करून ‘रिकामी करत आहे’ असे लिहिले होते. तसे राहिले तर स्पष्ट सांगूनही माझे पती उतरले असा अर्थ होईल. त्याऐवजी ‘केली’ लिहिले तर चंद्रभान अडकतील. म्हणून ते बोलले तसेच लिहा, असे मी सांगितले. त्यावरून पहिले खोडून ‘करून राहिलो’ लिहिले आहे आणि खाडाखोडीवर माझी सही घेतली आहे. आता सर्व माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. इथून मी दवाखान्यात जाणार आहे. पतींनी जे ऐकले ते कोणी बोललेच नव्हते, हे त्यांना मलाच सांगायचे आहे. हे जबाबात लागत नाही असे हवालदारसाहेब म्हणाले. मी लिहा म्हटले, म्हणून लिहिले.