कलशातली फांदी

हसू नका, माझं डोकं अजून तापलेलंच हाय. अणदूरच्या रानात हरणांनी माझ्या केशर आंब्याच्या कलमाचा शेंडा खाल्ला, फांद्या मोडल्या. म्या मोडकं समदं कात्रीनं छाटलं, कापल्या जागी मोरचूद-चुन्याचा लेप लावला अन् एकच सरळ फांदी राखली. तिच्यावरच झाड पुन्हा उभं राहणार होतं.

हरणांचा तरास जावा म्हणून तात्यांनी, म्हंजी माझ्या चुलत्यांनी, रानात पूजा घातली. मी पोचलो तर कलमाचा नुसता खुंट.

"तात्या, फांदी कुठं गेली?"

"कलशात हाय की. आंब्याची पानं लागत्यातच. चिडतूस कशाला, पूजा तुझ्याच झाडासाठी हाय."

म्या प्रसादाचा द्रोण खाली ठेवला. "तात्या, हरणांनी निदान एक फांदी तरी सोडली होती."