काहून नाही, मंग

मुक्ता, निखिल, मागच्या रविवारी फोनवर मुक्ताने विचारलं, आजी, मी हे विचार आणि वागणं बदलण्याचे उपचार शिकते आहे, तुझ्या वेळी असलं काही होतं का, आणि मी नुसतं हो म्हटलं, कारण बाकीचं फोनवर मावणारं नव्हतं. आता लिहवत नाही म्हणून मी सांगते आहे आणि कौसल्या लिहून घेते आहे. कौसल्या म्हणजे माझ्या पहिल्या वर्गातली नर्स, निवृत्त होऊनही पुष्कळ वर्षं झाली, आमच्याच गल्लीत राहते. तिला बजावलंय, तुझ्याविषयी आलं तरी खोडायचं नाही.

मी अमरावतीची. वडील कोर्टात कारकून, त्यांना इंग्रजीचं इतकं वेड की जेवताना स्पेलिंगं विचारायचे. मानसशास्त्रात एम.ए. केलं आणि पन्नासच्या दशकाच्या शेवटी दक्षिणेतल्या एका मनोरुग्णालयात दोन वर्षं राहून शिकले. परत आले तर शेजारच्या काकू आईला म्हणतात, पोरगी येड्यायची डाक्टर झाली म्हंते, घरी तुमाले तर तपासत नाही ना.

लग्न होऊन अकोल्याला आले. जुन्या शहरातल्या एका दवाखान्याची मागची खोली मिळाली, तिथे आठवड्यातल्या तीन दुपारी पाच नर्सना शिकवायचे. भीती माणसाच्या मनात कोणती वाक्यं बोलते, ती त्याच्याच तोंडून कशी काढायची, आणि खरी आहेत का ते दोघांनी मिळून कसं तपासायचं, एवढंच. याला आजचं नाव तेव्हा आमच्यापर्यंत आलं नव्हतं. मोठे डॉक्टर म्हणायचे, बाई, यांना इंजेक्शन शिकवा, गप्पा मारायला शिकवावं लागत नाही. शेवटी म्हणाले, दिवाळीपर्यंत बोलण्याने बरा झालेला एक रोगी दाखवा, नाहीतर खोली कापूस-पट्ट्यांना लागते.

तो एक रोगी म्हणजे गयाबाई. मोर्णा नदीच्या काठी त्यांचा मळा, डोक्यावर सांबार आणि वांग्यांचं टोपलं घेऊन ती रोज पूल ओलांडून पलीकडच्या बाजारात बसायची. सांबार म्हणजे कोथिंबीर, तुम्ही विसरला असाल. वैशाखात पुलावर तिला चक्कर आली आणि तेव्हापासून पुलावर पाय पडेना. जाऊ तिच्या जागेवर बसू लागली होती आणि हळूहळू जागाही जावेचीच होत होती.

मी पुस्तकात शिकले तशी विचारायची, गयाबाई, भीती का वाटते? ती मान खाली घालायची, चुकलं बाई. मला वाटलं शुद्ध भाषा अडते, म्हणून तिच्या बोलीत काहून भेता असं विचारलं, तर ती उठूनच गेली. तीन आठवडे असे गेले, दिवाळी जवळ आली आणि ती यायचीच थांबली.

त्या दुपारी कौसल्या बोलली. ही दर्यापूरकडची, घरातली पहिली शिकलेली, वर्गात सगळ्यात मागे बसायची. म्हणाली, बाई, काहून म्हनलं का आमच्याकडं मानूस भेते, मायनं काहून म्हनलं का मांगून धपाटा येते. मी म्हटलं, अगं, मग आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, पाहा, आता तुमी मलेच काहून म्हनलं. काय सांगू तुम्हाला, मला हसू आलं आणि लाजही वाटली. मी विचारलं, तू कसं विचारशील? म्हणाली, गोष्ट आयकतो तसं. मंग म्हनाचं.

दुसऱ्या दिवशी तिनेच गयाबाईला घरून आणलं आणि मी कोपऱ्यात बसले. कौसल्या विचारू लागली, पुलावर गेली तर काय होईन? चक्कर येईन. मंग? पडीन. मंग? टोपलं सांडीन. मंग? लोकं हासतीन. मंग? गयाबाई एकदम म्हणाली, मंग काय, उचलीन.

उरलेले दिवस पुलाची सुरुवात, मग चार पावलं, मग दहा. दिवाळीच्या दोन दिवस आधी ती टोपलं घेऊन निघाली, शेजारी कौसल्या, आणि मागे वीस पावलांवर मी, तोंड उघडायचं नाही या अटीवर. मधोमध गयाबाईचे पाय थिजले, कठडा धरायला गेली आणि टोपलं कलंडलं. वांगी पूलभर. माझ्या मनात आलं, संपला वर्ग. एक टांगेवाला थांबून म्हणाला, काय मावशी, पुलालेच भाजी इकली काय. लोक हसले. गयाबाई त्या सांडलेल्या वांग्यांकडे पाहत राहिली, मग कौसल्याकडे पाहिलं, आणि स्वतःच म्हणाली,

“मंग?”

आणि खाली बसून उचलायला लागली, टांगेवाल्याला म्हणाली, हासतं काय भाऊ, ते चाकाखालचं दे. पूल ओलांडून बाजारात जावेला सरकवून बसली. मोठ्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, खोली राहू द्या.

सहा वर्षं ती खोली राहिली. मग आमची बदली अमरावतीला झाली, तिथेही मी शिकवलं, दूर डोंगरातल्या धारणीकडून बसने नर्स यायच्या, आणि पहिल्या दिवसाचा धडा नेहमी कौसल्याचाच असायचा. पुष्कळ झालं, मुलांनो, मनासारखं झालं.

ती खोली आता नाही, गयाबाई नाही, माझ्या टिपणांना वाळवी लागली. पण आत्ताही सांगता सांगता मी थांबले की कौसल्या पेन वर धरून म्हणते, मंग? तेवढं आहे.