वाकलेल्या पाठीचं कौतुक पुरे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मच्छीमार संघाचे प्रमुख सेन्योर रामिरो, एवढ्या कामातून वेळ काढून आलेले आणि मघापासून घड्याळाकडे बघत असलेले आपले नगराध्यक्ष दॉन एव्हारिस्तो, ज्यांनी आशीर्वाद दिल्याशिवाय पोर्तोमोरोत नवी होडी पाण्यात उतरत नाही ते पाद्री दॉन सेल्सो, आजची सत्कारमूर्ती आणि माझी वहिनी ओतिलिया, आणि ओहोटीच्या कामावरून थेट इथे आलेल्या, पायांतले गमबूटही न काढलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

मी बाल्बिना. निवृत्त होणाऱ्या बाईबद्दल तिच्या नणंदेला बोलायला लावू नये, हे खरं तर सगळ्या घरांना माहीत असतं. तरी सेन्योर रामिरोंनी मला बोलावलं. "बाल्बिना, थोडक्यात आटप आणि गोड बोल," असं त्यांनी मघाशी जिन्यात बजावलंही. गोडाची सोय आहे, बदामाचा केक मला इथून दिसतोय. बोलणं मात्र आज गोड जमणार नाही. मला राग आलेला आहे, आणि तो मी घरी ठेवून आलेले नाही.

मघाशी दॉन एव्हारिस्तो म्हणाले, की पोर्तोमोरोच्या बाईची वाकलेली पाठ हा या खाडीचा दागिना आहे. टाळ्या पडल्या. मग दॉन सेल्सो म्हणाले, की वाकलेल्या पाठीत नम्रता दिसते. पुन्हा टाळ्या. मी वाजवल्या नाहीत, ओतिलियानंही नाही, आणि तुम्हाला वाटलं की तिला भरून आलंय. मी विचारते, वाकलेली बाई तुम्हाला एवढी का आवडते हो? तुमच्यापैकी कोणाची कंबर धरली तर तुम्ही सांतियागोच्या मोठ्या डॉक्टरकडे धावता. आमची पाठ वाकली की तिचं पोस्टर होतं. बसथांब्यावर, बँकेत, हॉटेलात, जिकडे बघावं तिकडे खाडीच्या वाळूतून तिसऱ्यांचे शिंपले उकरायला दाताळं घेऊन वाकलेली एक काळी आकृती. ती आकृती ओतिलियाची आहे. चेहरा दिसत नाही, कारण चेहरा लागतो कोणाला?

आमंत्रणं छापायच्या आधी नगरपालिकेचा फोटोवाला तिला किनाऱ्यावर घेऊन गेला. म्हणाला, सेन्योरा, पोस्टरसारखं जरा वाकून उभ्या राहा. ती म्हणाली, "वाकायचं ते तिसऱ्यांसाठी वाकले. तुझ्यासाठी कशाला वाकू?" फोटो निघाला नाही. म्हणून आमंत्रणपत्रिकेवर जुनाच छापलाय.

माझ्या आईला इथल्या जुन्या माणसांनी पाहिलंय. ओब्दुलिया. आधीचे पाद्री तिला चालतीबोलती प्रार्थना म्हणायचे. ती प्रार्थना वगैरे काही करत नव्हती, तिला मान वर करता येत नव्हती. शेवटी शेवटी ती माणसं बुटांवरून ओळखायची. दारात पाऊल वाजलं की बुटांकडे बघून नाव घ्यायची आणि सगळे हसायचे, काय तल्लख म्हातारी म्हणून. मीही हसायचे. ओतिलियाला धाकटी मुलगी झाली, तेव्हा घरात बाळाचं कौतुक चाललेलं आणि आई मधोमध उभी, जमिनीकडे बघत. कोणाच्या लक्षात आलं नाही. ओतिलिया, ओली बाळंतीण, ती खाली फरशीवर बसली, बाळ मांडीवर उताणं धरलं आणि म्हणाली, "आई, आता बघा." तेव्हा आईनं नात पाहिली. ही तुमची नम्रता, दॉन सेल्सो.

आणि आम्ही समजत होतो की हे असंच असतं. वय झालं, वाकली. उलट आम्हाला वाटायचं की दिवसभर खाडीत वाकून काम करणारीची पाठ लोखंडाची असणार. ओतिलियाचीही वाकायला लागली, तेव्हा आधी कळलं ते शिंपिणीला. झग्याची पुढची कड खाली लोंबायला लागली होती. शिंपिणीनं पुढून कापड कमी केलं, झगा सरळ झाला. सगळ्यांचं समाधान झालं. दुखायला लागलं तेव्हा औषधाच्या दुकानातून तिनं कमरेचा रुंद पट्टा आणला आणि रात्रंदिवस बांधला. पट्टा पाठीला धरून राहिला आणि पाठीनं स्वतःला धरणं सोडून दिलं. पट्टा काढला की ओतिलिया कणकेसारखी पुढे लवायची.

मग आरोग्य केंद्रात उशिया आली. ती मागच्या रांगेत बसली आहे, खाली बघतेय, पण तिनं वर बघावं. ती व्यायाम शिकवणारी डॉक्टर आहे आणि तिच्या तोंडात साखर नाही. तिनं ओतिलियाला टेबलावर पालथं झोपवलं आणि हात न टेकता कपाळ वर उचलायला सांगितलं. तिसऱ्यांनी भरलेली बालदी लिलावापर्यंत एका दमात नेणारी ही बाई, तिला कपाळ बोटभर उचलता येईना. आम्ही बाजूला उभ्या होतो, हसलो. उशियानं मग आम्हाला एकेकीला त्याच टेबलावर पालथं घातलं आणि हसणं बंद झालं.

तिनं सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, चुकलं तर ती मागून ओरडेल. कणा आपला आपण ताठ राहत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना मानेपासून कमरेपर्यंत स्नायू आहेत, ते त्याला मागून ओढून धरतात. आपण थोडं वाकलो तर ते काम करतात. पण अगदी खाली, हात वाळूला लागेपर्यंत वाकलो, की ते सैल पडतात आणि सगळा भार हाडांना बांधून ठेवणाऱ्या बंधांवर लटकतो. आम्ही तासन् तास तशाच. म्हणजे हात राबतात, पाय राबतात, आणि पाठीचे स्नायू नुसते ताणलेले, रिकामे. वर्षानुवर्षं असं झालं की ते अशक्त होतात. अशक्त झाले की धड पुढे झुकतं, पाठीला बाक येतो. बाक आला की ते आणखी ताणले जातात, आणखी अशक्त होतात. ओतिलियानं हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं मी कामावर गेले आणि माझी पाठ घरीच होती?"

उशिया म्हणाली, "घरीच होती. आता तिला कामाला लावू."

आणि लावलं. कुठे? इथेच, आपल्या डोक्यावर. या माडीवरच्या खोलीत. लाकडी जमीन, एक शेगडी, दोन खिडक्या. ओहोटीच्या आधी आम्ही तिथे जमतो. पोटाखाली उशी घेऊन पालथ्या झोपतो आणि छाती उचलतो. भिंतीला पाठ लावून उभ्या राहतो. जुन्या दाताळ्यांचे दांडे काढून घेतलेत, ते पाठीमागे धरून खांदे मागे घेतो. पहिल्या दिवशी टाचा भिंतीला लावल्यावर ओतिलियाचं डोकं भिंतीपासून वीतभर लांब राहिलं होतं. आता दोन बोटं. कण्यातली चेपलेली हाडं पुन्हा भरणार नाहीत, हे उशियानं तिला तोंडावर सांगितलंय, आम्ही चमत्कार विकत नाही. पण परवा दुकानात वरच्या फळीवरचा कॉफीचा डबा तिनं स्वतः बघितला आणि स्वतः काढला. दुकानदार म्हणाला, अहो, मी देतो. ती म्हणाली, "तू गल्ला सांभाळ." मागच्या उन्हाळ्यात रंगकामासाठी खोली बंद होती, तेव्हा सप्टेंबरपर्यंत ती दोन बोटं परत चार झाली होती. म्हणून सांगते, खोली बंद झाली की काय होतं ते आम्हाला माहीत आहे.

आणि आता त्याच खोलीत संग्रहालय होणार आहे. दॉन एव्हारिस्तोंनी मघाशी जाहीर केलं, किती प्रेमानं. खाडीतल्या स्त्रीचं संग्रहालय. मधोमध वाकलेल्या बाईचा पुतळा, भिंतींवर वाकलेल्या बायांचे मोठे फोटो. जिथे आम्ही पाठ सरळ करतो, तिथून आम्हाला बाहेर काढायचं आणि आमच्या वाकलेल्या पाठी आत टांगायच्या. वर आमचे दांडेही मागितलेत, काचेच्या कपाटात ठेवायला.

मी आणि ओतिलिया, आम्ही दोघी आधीच गेलो होतो त्यांच्या कचेरीत. ते म्हणाले, शेजारच्या गावात मोठी व्यायामशाळा आहे, बस सोडू. दॉन एव्हारिस्तो, ओहोटी बसच्या वेळेला येत नाही. मग म्हणाले, बायांनो, मला तुमच्या आठवणी जपायच्या आहेत. तेव्हा ओतिलिया काय म्हणाली ते त्यांनी आजच्या भाषणात सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. ती म्हणाली, "आठवणी मागाहून जपा. आम्ही अजून आहोत."

ही इमारत नगरपालिकेची नाही, संघाची आहे. आणि निम्म्याहून जास्त सभासद आणि संघाचे प्रमुख एका छताखाली असले की मत घेता येतं, असा आपला जुना नियम आहे. सेन्योर रामिरो, मान हलवू नका, नियम तुमच्या वडिलांनीच केलाय. आपल्याकडे मत हात वर करून देत नाहीत, उभं राहून देतात. त्याचीही एक गोष्ट आहे. लिलावाची वेळ बदलायची की नाही यावर मत होतं, तेव्हा माझी आई उभी राहिली होती. मोजणारा व्यासपीठावरून डोकी मोजत होता. आई उभी राहूनही बसलेल्यांएवढीच. "ओब्दुलिया बसलीय," असं म्हणून तो पुढच्या रांगेकडे वळला. आई म्हणाली, "मी उभी आहे." कोणाला ऐकूच गेलं नाही, कारण ती जमिनीकडे बघून बोलत होती. तिचं मत धरलं गेलं नाही. मी तिच्या शेजारी होते. तो राग इतकी वर्षं माझ्या पोटात आहे आणि आज मी तो या सभागृहात मांडते आहे.

माडीवरची खोली द्यायची नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी उभं राहावं.

सावकाश. कोणालाही घाई नाही, केक कुठे जात नाही. हेर्मिता, काठी टेकलीस तरी चालेल. ओतिलिया, तू खुर्चीला हातानं रेटू नकोस, उशिया बघतेय. पाय मागे घे. छाती पुढे. हं, आता. दॉन एव्हारिस्तो, तुम्ही का उठताय? तुम्ही सभासद नाही. बसा, किंवा निघायचं असेल तर दार उघडंच आहे.

मोजणी होईपर्यंत मी आभार मानून घेते. सभागृह सजवणाऱ्या मुलींचे, केक करणाऱ्या हातांचे, आणि तीस वर्षं एका नणंदेला सांभाळणाऱ्या माझ्या वहिनीचे. बोलताना कोणाचा मान ठेवायचा राहिला असेल, रागाच्या भरात एखादा शब्द जास्त गेला असेल, तर पोटात घाला.

सेन्योर रामिरो, उठा, मोजा. पण तिथून वरून डोकी मोजू नका. खाली या, रांगेतून चाला, एकेकीच्या चेहऱ्याकडे बघा. आणि जिची पाठ अजून सरळ झालेली नाही, तिच्यासमोर तुम्ही वाका, तिचा चेहरा दिसेपर्यंत.